त्रेचाळीस नंबरचा गडी

"राठोड, तुमचा रिपोर्ट क्लायंटला जाम आवडलाय," मेघना मॅडम पुण्याहून फोनवर सांगत होत्या. "पुढच्या सीझनपासून ते पळणं कमी करणार, पासिंग वाढवणार. त्रेचाळीस नंबरला सोडायचा विचार चाललाय त्यांचा."

"कोणाला?"

"त्रेचाळीस. तो म्हातारा रनिंग बॅक. का, काय झालं?"

"काही नाही मॅडम," मी म्हणालो.

फोन ठेवला. समोर कॉम्प्युटरवर तोच गडी उभा होता. पॉज केलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. लाइट गेलेली होती आणि इन्व्हर्टर कधीही जीव सोडेल अशा बेतानं कुईकुई करत होता. मी हिंगोलीत बसून अमेरिकेतल्या एका माणसाची नोकरी घालवली होती, आणि तीही शाबासकी घेऊन.

ही दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. माझं काम काय होतं ते आधी सांगावं लागेल. ते आमच्या तांड्यात आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही, तुम्हाला तरी कळू द्या.

अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. नाव फुटबॉल, पण पायाचा संबंध नावापुरता. अंड्यासारखा चेंडू. अकरा गडी इकडं, अकरा तिकडं, सगळ्यांच्या डोक्याला हेल्मेट. चार संधींत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार संधी. नाही सरकलात तर चेंडू समोरच्याच्या हवाली होतो. पुढं सरकायचे मार्ग दोन. एक, चेंडू एका दणकट गड्याच्या, म्हणजे रनिंग बॅकच्या, पोटाशी द्यायचा आणि त्यानं गर्दीत घुसायचं. हे झालं रन. दुसरा, क्वार्टरबॅक म्हणजे मुख्य गडी मागं सरकतो आणि लांब पळत गेलेल्या आपल्या माणसाकडं चेंडू फेकतो. हा पास. रनमध्ये थोडंच मिळतं, पण बहुतेक वेळा काहीतरी हाती लागतं. पासमध्ये एकदम भरपूर मिळतं, पण चेंडू खाली पडला तर काहीच नाही, समोरच्यानं झेलला तर वाटोळं, आणि फेकायच्या आत क्वार्टरबॅकलाच आडवा केला तर आहे तेही जातं. त्या आडवं करण्याला सॅक म्हणतात. पळावं की फेकावं, या एका प्रश्नावर तिकडं मोठमोठ्या पगाराची माणसं आयुष्य काढतात.

आमची पुण्यातली कंपनी तिथल्या एका टीमसाठी टॅगिंग करायची. प्रत्येक संधीची क्लिप पाहायची आणि शीटमध्ये भरायचं: रन की पास, कितवी संधी, किती यार्ड बाकी, किती मिळाले. मी स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी. पुण्यात चार वर्षं हेच केलं. मग बापूला, म्हणजे वडिलांना, लकवा मारला. माय जाऊन बरीच वर्षं झालेली. साखऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावर ना डॉक्टर ना नेट. मी राजीनामा लिहायला घेतला तर मॅडम म्हणाल्या, "एक सीझन तिकडूनच करून बघा." म्हणून हिंगोलीत दोन खोल्या घेतल्या. एकीत बापू, एकीत मी आणि कॉम्प्युटर. मॅचच्या डीव्हीडी कुरिअरनं यायच्या. मी शीट मेल करायचो.

पुण्यात हेच काम आम्ही सहा जण शेजारी शेजारी बसून करायचो. एखादा गडी तोंडावर आपटला की सगळी लाइन हसायची. इथं कोणाजवळ हसणार? शिवाय त्या फिल्मला आवाजच नसतो. ती टीव्हीवरची मॅच नसते. ती कोच लोकांसाठी वरून घेतलेली असते, सगळे बावीस गडी दिसतील अशी. कॉमेंट्री नाही, टाळ्या नाहीत. बावीस माणसं मुकाट धडकतात, मुकाट उठतात. ते पाहत मी दिवस काढायचो. संध्याकाळी चौकात जाऊन उभा राहायचो, तर लोक क्रिकेट आणि कापसाचा भाव बोलायचे. माझ्याजवळ दिवसभराचं जे साठलेलं असायचं ते तसंच घेऊन परत यायचो. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

त्याच काळात जवळा बाजारकडच्या एका तांड्यावरून सोयरिकीचे लोक आले होते. मुलीच्या मामानं विचारलं, "काम कोणतं करता?"

"अमेरिकेतल्या मॅचा पाहतो."

"पाहता?"

"पाहतो अन् लिहून काढतो. पळाले का फेकलं, ते."

"जिंकलं कोण ते तं टीव्हीवर दिसतंच की."

"दिसतं."

"मंग तुमी काहून लिहून राहिले?"

याला उत्तर होतं, पण चहा संपायच्या आत देता येण्यासारखं नव्हतं. ते लोक पुन्हा आले नाहीत. बापू मात्र आठवडाभर मला चिडवत होता. "सांगायचं न्हाई का, इंजिनेर हाये म्हून! पळाले का फेकलं, म्हणं. कप्पाळ!"

आता तो रिपोर्ट. टीमच्या जुन्या कोचची एक ठाम समजूत होती: ज्या मॅचमध्ये आपण जास्त पळतो ती आपण जिंकतो. आकडेही तसेच दिसायचे. जिंकलेल्या मॅच काढा, रन जास्त. हरलेल्या काढा, पास जास्त. झालं की मग सिद्ध! पण मी मॅचचे तुकडे पाडून पाहिले. सुरुवातीला, स्कोअर बरोबरीत असताना, जिंकणारे आणि हरणारे सारखेच पळत होते. फरक पडायचा शेवटी. जो पुढं असतो तो वेळ काढायला पळतो, कारण पळालं की घड्याळ चालू राहतं. जो मागं असतो त्याला घाई असते, तो फेकत सुटतो. म्हणजे पळाले म्हणून जिंकत नव्हते. जिंकत होते म्हणून पळत होते. एरवी दर संधीला पासच जास्त यार्ड देत होता. रिपोर्ट बरोबर होता. आजही मी त्यातला एक शब्द बदलणार नाही.

पण त्याचा पुढचा अर्थ माझ्या डोक्यातच आला नव्हता. पळणं कमी करायचं तर पळणारा कशाला? आणि त्यांच्या टीममधला पळणारा म्हणजे त्रेचाळीस नंबर. मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, बत्तीस-तेहतीसचा. माझ्याच वयाचा. त्या खेळात हे वय म्हणजे बैल बाजारात न्यायचं वय.

हा त्रेचाळीस पळायला आता बेताचाच होता, मीच ते आकडे भरले होते. पण पासच्या वेळी तो काय करतो ते मी रोज पाहत होतो. क्वार्टरबॅक फेकायला मागं सरकला की समोरचे कधी कधी एखादा जास्तीचा गडी त्याच्यावर सोडतात, अचानक, कुठूनही. याला ब्लिट्झ म्हणतात. तो कुठून येणार हे त्रेचाळीसला आधी कळायचं. कसं कळायचं देव जाणे. डावीकडचा कोणी जरा टाच उचलतो, हा दोन पावलं तिकडं सरकतो, आणि तो आला की छातीवर घेतो. एवढ्यात चेंडू हातातून सुटलेला असतो. पास लागला की सगळे झेलणाऱ्याकडं पळतात, त्याच्या पाठीवर थापा मारतात. त्रेचाळीस मागं एकटा पडलेला असतो. उठतो, हेल्मेट सारखं करतो आणि सावकाश चालत येतो. त्याच्याकडं कोणी बघतही नाही. आमच्या शीटमध्येही त्या संधीला त्याच्यासाठी कॉलम नव्हता. चेंडूला हात लागला नाही तो गडी शीटमध्ये नसतोच.

मला तो गडी आवडायचा. आवडायचा म्हणजे, त्या वर्षी माझी रोजची संगत त्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन केला.

"मॅडम, रिपोर्ट अर्धा आहे. फेकायचं तर फेकणाऱ्याला वाचवणारा लागतो. ते आपण मोजलंच नाही."

"क्लायंटनं मागितलं नव्हतं."

"मागितलं नव्हतं, पण त्यावर ते माणूस काढायला निघालेत."

बाई कडक, पण कामाला न्याय देणारी. "तुम्हाला काय मोजायचंय?"

"ब्लिट्झ आली तेव्हा त्रेचाळीस मैदानात होता का नव्हता. आणि पुढं काय झालं."

"डीव्हीडी सगळ्या परत पाहाव्या लागतील."

"पाहतो."

"रेग्युलर काम सांभाळून. आणि त्यांची मार्चमधली मीटिंग व्हायच्या आत."

उन्हाळा लागला होता. लोडशेडिंग असं की लाइट असताना माणसानं जेवायचं की काम करायचं, एकच काहीतरी. मी कामच धरलं. पंखा बंद ठेवून इन्व्हर्टर कॉम्प्युटरला राखायचो. बनियन अंगाला चिकटायचं. प्रत्येक पासची क्लिप काढायची, ब्लिट्झ होती का बघायचं, त्रेचाळीस होता का बघायचं, आणि एक नवा कॉलम भरायचा: अडवला की सुटला. तोंडाला फेस आला.

बापू पलंगावरून विचारायचा, "कालचंच काहून पाहून राहिला रे? पाठ झालं न्हाई का अजून?"

"एका गड्याचं काम अडलंय, बापू."

"मंग पाहा," असं म्हणून तो भिंतीकडं तोंड करायचा. एका बाजूनं लुळा पडलेला माणूस, दुपारची झोप त्यालाही नसायची.

आकडे आले तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. त्रेचाळीस असताना सॅक निम्म्याहून कमी. मी लगेच मॅडमना कळवलं. त्यांनी शीट पाहिली आणि एकच प्रश्न टाकला.

"राठोड, तुमच्याच पहिल्या रिपोर्टमधली चूक तुम्ही इथं करत नाही ना? तो असतो म्हणून सॅक कमी होतात, की जेव्हा काम सोपं असतं तेव्हाच त्याला मैदानात ठेवतात?"

च्यायला! कोचची जी समजूत मी मोडीत काढली होती, तीच मी नव्या कपड्यात घेऊन आलो होतो. आवडत्या माणसासाठी मोजायला बसलं की असं होतं, डोळा कुठंतरी सूट देतो.

पुन्हा बसलो. आता फक्त अवघड संधी घेतल्या. तिसरी संधी, यार्ड बरेच बाकी, म्हणजे पासच येणार हे सगळ्या मैदानाला माहीत असतं आणि समोरचे जीव खाऊन सुटतात. त्यातही पुढं असतानाच्या वेगळ्या, मागं असतानाच्या वेगळ्या. क्लिपा खूप कमी उरल्या. शेवटचा आकडा काढताना मला धाकधूक होत होती, कोणाच्या तरी बोर्डाचा निकाल असल्यासारखी. फरक थोडा घटला, पण राहिला. पुढं असताना राहिला, मागं असताना तर जास्तच राहिला. जिवात जीव आला. यात माझा डोळा नव्हता, गड्याची छाती होती.

रिपोर्ट लिहिला. शेवटचं वाक्य असं: त्रेचाळीस नंबरच्या खेळाडूला सोडू नये.

मॅडमचा फोन आला. "बाकी उत्तम. शेवटचं वाक्य काढा."

"काहून?" माझ्या तोंडून घरचा शब्द निघून गेला.

"आपण खेळाडूंबद्दल शिफारस करत नाही. खेळीबद्दल सांगतो. आणि आत सगळीकडं त्रेचाळीस, त्रेचाळीस लिहिलंय, तिथं 'अडवणारा बॅक' करा. आपला फॉरमॅट आहे तो, तुम्हाला माहितीये."

माहीत होतं. नियम वाईट नव्हता. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, यात टॅगिंगवाल्यानं तोंड घातलं की क्लायंट बिथरतो, शिवाय उद्या कोणीही आपल्या लाडक्यासाठी आकडे वाकवील. पण मी म्हणालो, "मॅडम, हे काम त्यांच्याकडं तो एकटाच करतो."

"मग कळेलच की त्यांना."

मलाही ते पटलं. एका टीमकडं एकच माणूस असं काम करतो, तर नाव घ्यायची गरजच काय? मी शब्द बदलले. कॉम्प्युटरवर ते एका क्लिकचं काम असतं. सगळीकडचा त्रेचाळीस गेला आणि अडवणारा बॅक आला.

कॉन्फरन्स कॉल संध्याकाळी झाला, तिकडं सकाळ होती. टीमचा ग्रेग नावाचा ॲनालिस्ट भराभर बोलायचा, पण माणूस हुशार. त्यानं सगळं वाचलं होतं.

"विलास, सुंदर काम," तो इंग्रजीत म्हणाला. "म्हणजे आम्ही पासिंगवर गेलो तरी बॅक लागणारच. पळायला नाही, अडवायला."

"हो. उलट पासिंगवर गेलात तर जास्तच लागेल."

"हे आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हतं."

मला राहवलं नाही. "आणि तसा माणूस तुमच्याकडं आहे," मी म्हणालो.

लाइनवर मॅडम खोकल्या. ग्रेग हसला. "आहे, आहे," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मी चौकातून जिलेबी आणली. आनंद झाला की माणसाला कोणाला तरी सांगावं वाटतं. मी चौकात जिलेबीवाल्यासमोर उभा, आणि सांगायला तिथं एक माणूस नाही. काय सांगू? कोणत्या खेळातला कोणता गडी? घरी येऊन बापूला एक तुकडा भरवला.

"कशाची रे?"

"एक गडी वाचला, बापू."

"बरं झालं," बापू म्हणाला. "जरा कडक हाये, पण गोड हाये."

त्यांच्याकडं एप्रिलच्या शेवटी कॉलेजातल्या पोरांमधून नवे गडी निवडतात. ते आटोपल्यावर ग्रेगची मेल आली. मॅडमनी ती मला फॉरवर्ड केली होती, वर 'अभिनंदन' लिहून. ग्रेगनं लिहिलं होतं की आमच्या स्टडीमुळं त्यांना नेमकं काय शोधायचं ते कळलं. कॉलेजच्या फिल्म काढून त्यांनी आमच्याच पद्धतीनं अडवणारे बॅक मोजले. एक पोरगा सापडला. बावीस वर्षांचा, कमी पगारात, गुडघे धड. त्याला घेतलंय. त्यामुळं त्रेचाळीसला मोकळं केलंय. पुढच्या सीझनला नवा कॉलम कायम ठेवावा, आणि पुन्हा एकदा मनापासून आभार.

मी ती मेल दोनदा वाचली. ग्रेगला दोष देता येईना. जे मी सांगितलं तेच त्यानं केलं होतं, आणि नीट केलं होतं. मला रडू आलं. बत्तीस वर्षांचा घोडा, खोलीत एकटा, अमेरिकेतल्या गड्यासाठी रडतो. कोणी पाहिलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं. बापूनं पाहिलं.

"काय झालं रे पोरा?"

"तो गडी गेला, बापू. काढला त्याला."

"वाचला म्हणला होतास ना?"

"त्याचं काम वाचलं. त्याच्या जागी दुसरा घेतला."

बापूनं विचारलं, "नाव काय त्याचं?"

"त्रेचाळीस."

"नंबर न्हाई इचारला. नाव."

मला माहीत नव्हतं. टॅगिंगवाल्यानं खेळाडूंची नावं शोधायची नाहीत, त्यांच्याबद्दल वाचायचं नाही, अशी आमची पद्धत होती. नाहीतर नावाजलेल्याला नजर झुकतं माप देते. मी ती पद्धत कडक पाळली होती. फिल्म वरून घेतलेली, नंबर दिसायचा पण पाठीवरचं नाव वाचता यायचं नाही, डोक्यावर हेल्मेट, त्यामुळं चेहराही कधी पाहिला नव्हता. त्याचं पाऊल कोणत्या वेळी कुठं पडणार ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. त्याचं नाव मात्र बापूला सांगता आलं नाही.

सप्टेंबरात नव्या सीझनच्या डीव्हीडी आल्या. नवा पोरगा चांगला होता. चांगला म्हणजे, टाच उचलायच्या आत सरकणारा, छातीवर घेणारा. मी प्रत्येक वेळी माझ्याच कॉलममध्ये 'अडवला' भरत गेलो, कारण तो खरोखर अडवत होता. जर्सी त्याला त्रेचाळीसचीच मिळाली होती. शीटमध्ये दोघं वेगळे करायचे तर सीझन बघावा लागतो, नंबरावरून कळत नाही.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं हे काम केलं, नव्या पोरांना शिकवलंही. रन कसा ओळखायचा, पास कसा ओळखायचा, आकडे फसवतात कुठं, ते सगळं त्यांना सांगतो. आणि एक गोष्ट फॉरमॅटमध्ये नसलेली सांगतो. कामाचं मोल पटवून दिलं की काम टिकतं, माणूस टिकतोच असं नाही. माणूस टिकवायचा असेल तर रिपोर्टमध्ये त्याचं नाव लिहावं लागतं, आणि त्यासाठी ते आधी आपल्याला माहीत असावं लागतं.